वाचताना थांबणारं घड्याळ

१

माझ्या धाकट्या बहिणीने माणूस मारला, असं एक यंत्र सांगत होतं. आणि झाडून सगळे त्या यंत्राचंच ऐकत होते.

धाकटी नर्स आहे. तिच्या वॉर्डात एक शिंपीकाका होते. पोटाचं ऑपरेशन झालेलं, स्वभाव तिरसट, पण धाकटीवर जीव. तिच्या युनिफॉर्मची बाही उसवलेली दिसली तर हाताला नळी लावलेली असतानाही "आण इकडे सुई" म्हणणारा माणूस. त्यांच्या पलंगाशी एक पंप होता. दुखणं मारायचं औषध तो ठरल्या वेळी आपलं आपण शिरेत सोडायचा. मधेच फार दुखलं, तर नर्सने बटण दाबून एक जादा डोस द्यायचा, अशी सोय. त्या दिवशी दुपारी बाराचा डोस काकांना मिळाला. धाकटी एक वाजून गेल्यावर डबा खाऊन परत आली, तर काका निळे पडलेले. ते काही वाचले नाहीत.

पंपाच्या पोटात दोन नोंदी निघाल्या. बारा वाजता डोस. बारा वाजता डोस. एक पंपाने स्वतः दिलेला, हे ठरलेलंच. मग दुसरा कुणी दिला? डोस कुणी मागितला हे पंप लिहीत नाही. आणि बाराला पलंगापाशी धाकटीशिवाय कुणी नव्हतं.

"ताई, मी बटण दाबलं नाही गं," पहिल्या दिवशी ती ओरडून सांगत होती. दोन दिवसांनी म्हणाली, "मला आता नीट आठवत नाही." आणि आज सकाळी फोनवर तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मीच दाबलं असेल ताई. यंत्र कशाला खोटं बोलेल? आज चारला हॉस्पिटलच्या चौकशी समितीपुढे लिहून देते, चूक झाली म्हणून. लिहून दिलं तर तुरुंग टळेल म्हणतात."

"खबरदार काही लिहून दिलंस तर! काही खाल्लंस का?"

"नाही. डबा उघडला की उलटी येते."

आता माझ्याबद्दल. घरी मला खुसपट म्हणतात. पोटापाण्यासाठी मी तेच करते, म्हणजे लोकांच्या सॉफ्टवेअरमधली खुसपटं काढते. समितीने आमच्या बाजूच्या एका जाणकाराला पंप बनवणाऱ्या कंपनीत चौकशी करायची परवानगी दिली होती, आणि तो जाणकार म्हणजे मी. हातात होते जेमतेम पाच-सहा तास.

निघता निघता मी वॉर्डाच्या डॉक्टरांना एकच विचारलं. "हे औषध जास्त झालं तर माणूस कोसळायला किती वेळ लागतो?"

"शिरेतून जातं हो. पाच-दहा मिनिटं, फार तर," ते म्हणाले.

"मग बाराला दोन डोस गेले, आणि काका एकनंतर कसे कोसळले?"

डॉक्टर खांदे उडवून म्हणाले, "एखाद्याचं शरीर चिवट असतं." पण माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

२

कंपनीच्या साहेबांनी मला स्वतः हिंडवून दाखवलं. म्हणजे किती छान चाललंय बघा, असं. मोठी खोली, रांगेने टेबलं, भिंतीवर हा एवढा पडदा. पडद्यावर शेकडो हिरवे ठिपके.

"प्रत्येक ठिपका म्हणजे एक चाचणी, बाई," साहेब म्हणाले. "पंपाच्या प्रोग्रॅमची. दर तासाला आपोआप चालतात सगळ्या. माणसाचा हात नाही."

"खऱ्या पंपावर चालतात?"

"छे! तेवढे पंप मांडायला जागा कुठाय? आम्ही पंपाची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरमध्ये केलीये. इम्युलेटर. मोटर नकली, बटण नकली, आतली घड्याळाची चिप नकली. पण प्रोग्रॅम खरा. त्या बिचाऱ्याला कळतही नाही आपण खोट्या पंपात बसलोय ते."

"आणि त्या घड्याळाची चाचणी?"

साहेबांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "पंपाने वेळ वाचायची, ती घड्याळाशी जुळते का बघायचं. वर्षभरात एकदाही लाल नाही. तुमच्या बहिणीबद्दल मला वाईट वाटतं, पण पंपाच्या वेळेवर शंका घेऊ नका."

चाचण्यांमध्ये माझा जन्म गेलाय. वर्षभर सलग हिरवी राहिलेली चाचणी मी पाहिलेली नाही. त्यातून घड्याळाची म्हणजे अवघड जागेचं दुखणं. खरी वेळ कुणाच्या बापासाठी थांबत नाही. मशीनवर जरा ताण आला, जरा उशीर झाला, की घड्याळाची चाचणी उगाचच लाल होते. सगळीकडे होते. आणि इथे वर्षभर एकदाही नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"त्याच्या आधी?" मी विचारलं. "वर्षाच्या आधी व्हायची का लाल?"

साहेबांचं हसू जागच्या जागी विरलं. "ते तुम्ही त्यांनाच विचारा," म्हणून त्यांनी तीन टेबलं दाखवली, आणि फोन आल्याचं निमित्त करून सटकले. फोन वाजल्याचं मला तरी ऐकू आलं नव्हतं.

३

पहिल्या टेबलावर पंपवाला. पंपाचा प्रोग्रॅम त्याचा. दाढी, हेडफोन, आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव.

"माझ्या प्रोग्रॅमला गेली दोन वर्षं कुणी बोट लावलेलं नाही," तो मी विचारायच्या आधीच म्हणाला. "एक अक्षर बदललेलं नाही. हवं तर शपथ घेतो."

"शपथा राहू द्या. पंप वेळ कशी वाचतो तेवढं सांगा."

"कशी म्हणजे? आधी तास वाचतो, मग मिनिटं. तुम्ही नाही का तशीच वाचत?"

"आणि बाराचा डोस?"

"बारा तास, शून्य मिनिटं दिसली, की डोस."

"तो आधीच दिलाय का, हे बघत नाही?"

"अहो बाई, दुपारचे बारा दिवसातून एकदाच वाजतात!" तो असा हसला, की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझी बहीण तिकडे अन्नाला शिवत नव्हती, आणि हा मला दिवसातून बारा किती वेळा वाजतात ते शिकवतोय.

दुसरं टेबल चाचणीवालीचं. तिशीतली मुलगी, नखं पार मुळापर्यंत चावलेली. मी खुर्ची ओढल्याबरोबर तिने पाणी सांडलं.

"घड्याळाची चाचणी तुझी?"

"हो, पण मी काही केलेलं नाही."

"अगं, कुणी म्हटलं केलंस म्हणून?"

मग हळूहळू तिने सांगितलं. तिची चाचणी आधी लाल व्हायची. रोज नाही, अधूनमधून. आणि या खोलीत एक रीत होती. ज्याची चाचणी लाल, त्याच्या टेबलावर दिवसभर एक कापडी गाढव बसवायचं. सगळ्यांनी येता-जाता त्याला गोंजारायचं, विचारायचं, "काय गाढवराव, मुक्काम वाढला का?" ते गाढव जणू तिनेच दत्तक घेतलं होतं. साहेब सुद्धा थट्टा करायचे.

"मी हाताने चालवली की हिरवीच यायची हो," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "दहादा चालवली, वीसदा चालवली, हिरवी. आपोआप चालायची तेव्हाच लाल. मग सगळे म्हणणार, हिची चाचणीच डळमळीत आहे."

"आपोआप केव्हा चालायची?"

"तास भरायला पाचेक मिनिटं असताना सगळ्या सुरू होतात. माझी शेवटची. म्हणजे तास भरता भरता तिची पाळी यायची."

"मग वर्षापूर्वी तू काय बदललंस?"

"काहीच नाही! आईशप्पथ, काही नाही. एक दिवस लाल व्हायची ती थांबलीच. मला वाटलं, सुटले बाई." मग ती अगदी हळू म्हणाली, "मी विचारायला हवं होतं ना, का थांबली ते?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मोबाईल थरथरला. धाकटी. तिचा मेसेज मी दोनदा वाचला, तरी डोक्यात शिरेना.

समिती चारला नाही, दोनलाच बसणार होती.

४

मी तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरना लावला. त्या म्हणाल्या, "ती समितीच्या खोलीबाहेर बसलीये. हातात कोरा कागद आणि पेन. माझ्याशी सुद्धा बोलत नाही हो. एकला आम्ही दोघी एकत्र डबा खात होतो, तेव्हा कशी हसत होती पोर! काय झालं हे!"

"सिस्टर, हे तुम्ही समितीला सांगितलंत?"

"सांगून उपयोग काय? यंत्र म्हणतं बारा. एकला ती कुठे होती, हे कोण विचारतंय?"

मी फोन ठेवला, आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. रडावं की कुणाला तरी चोपावं, कळत नव्हतं. पण रडून काय होणार? खुसपट म्हणतात ना मला? मग काढ म्हटलं खुसपट.

चाचणी म्हणजे काय? तीन गोष्टी. जिची परीक्षा घ्यायची ती, म्हणजे पंपाचा प्रोग्रॅम. परीक्षा घेणारी चाचणी. आणि जिच्याशी ताडून बघायचं ते नकली घड्याळ. वर्षापूर्वी निकाल बदलला. लालची हिरवी झाली. प्रोग्रॅम दोन वर्षांत बदललेला नाही. चाचणी बदललेली नाही. मग उरलं काय?

तिसऱ्या टेबलावर घड्याळवाला बसायचा. सगळ्यांत वयस्कर, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. नकली घड्याळ त्याने बनवलं होतं. मी गेले तेव्हा तो चहा पीत होता. मला बघून तो उठून उभाच राहिला.

"बसा ताई. तुमच्या बहिणीचं ऐकलं. फार वाईट झालं."

"काका, तुमचं घड्याळ खऱ्या चिपसारखंच चालतं?"

"सेकंदाला सेकंद."

"नेहमी?"

"नेहमी."

"पंप ते वाचत असतो तेव्हाही?"

त्याने कप खाली ठेवला. बशीत नव्हे, बशीच्या कडेवर, आणि तो कलंडला. चहा टेबलावर पसरला, आणि त्याला तो पुसायचंही भान राहिलं नाही.

५

"तुम्ही ते थांबवलंत," मी म्हणाले. "पंप वाचायला लागला की तुमचं घड्याळ श्वास रोखून उभं राहतं. वाचून झालं की पुन्हा चालू. बरोबर ना?"

तो खुर्चीत खाली बसला. मग म्हणाला, "ती जिन्यात बसून रडत होती हो. माझ्या मुलीच्या वयाची. ते मेलं गाढव रोज तिच्या टेबलावर. मला वाटलं, चाचणी कच्ची आहे, तास बदलताना गडबडते. आपण घड्याळ जरा थोपवलं तर पोरीची सुटका होईल. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला आणखी चिडवलं असतं."

मला संताप आला होता, पण त्याच्या तोंडाकडे बघून मी तो गिळला. साप साप म्हणून त्याने भुई धोपटली होती, आणि खरा साप आरामात वॉर्डात शिरला होता.

"काका, चाचणी कच्ची नव्हती," मी म्हणाले. "ती ओरडून खरं सांगत होती. ऐका. बारा एकोणसाठ झालेत. पंप आधी तास वाचतो. बारा. आणि नेमका तेवढ्यात तास बदलतो. आता तो मिनिटं वाचतो. किती?"

"शून्य," घड्याळवाला पुटपुटला.

"बारा तास, शून्य मिनिटं. खरा वाजलाय एक, आणि पंपाला दिसतायत बारा. बाराचा डोस तो पुन्हा देतो, आणि पोटात लिहितो, बारा वाजता डोस. पुढच्या वेळी वाचतो तेव्हा वेळ बरोबर येते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. दुसरा डोस एक वाजता गेला, काका. म्हणून शिंपी एकनंतर कोसळले. पापणी लवते तेवढीच फट आहे, क्वचितच कुणी त्यात सापडतं. पण इथल्या चाचण्या तास भरतानाच चालायच्या, म्हणून त्या फटीत सापडायच्या. तिने हाताने चालवली तेव्हा वेळ कुठली तरी मधलीच असायची, म्हणून हिरवी."

मागे कुणीतरी हुंदका दिला. चाचणीवाली कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"मी सुरुवातीलाच म्हटलं होतं," ती म्हणाली. "चाचणीला खऱ्या वेळेवर सोडू नका. हाताने फिरवता येईल असं घड्याळ द्या मला. मी म्हणेन तेव्हा पुढे जाणारं. साहेब म्हणाले, वेळ नाही."

"आता आहे?" मी विचारलं.

तिने डोळे पुसले, खुर्ची ओढली, आणि टाईप करायला लागली. घड्याळवाल्याने आपली थोपवण्याची करामत काढून टाकली, आणि घड्याळाला जणू किल्ली बसवून दिली. तिने चाचणी लिहिली. घड्याळ बारा एकोणसाठवर, शेवटच्या सेकंदाला ठेव. पंपाला तास वाचू दे. आता घड्याळ एक सेकंद पुढे ढकल. आता मिनिटं वाचू दे.

ठिपका लाल.

पुन्हा चालवली. लाल. मशीनवर मुद्दाम ताण टाकून चालवली, पंपवाल्याच्या मशीनवर चालवली. लाल, लाल. आता नशिबाचा प्रश्नच नव्हता. खोट होती तोवर ती दरवेळी लाल होणार होती. पंपवाल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. चेहरा पांढराफटक. त्याने फोन उचलला, आणि एकेका हॉस्पिटलला सांगायला सुरुवात केली, पंप बंद करा, आत्ताच्या आत्ता.

तेवढ्यात साहेब आले. भिंतीवरचा लाल ठिपका बघून त्यांच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

"हे इथून बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "हा लॅपटॉप कंपनीचा आहे. बाई, तुम्ही निघा. आणि तुम्ही, काका, तुमची दोन वर्षं उरलीयेत नोकरीची. विचार करा."

दोन वाजायला आले होते.

घड्याळवाल्याने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, लॅपटॉप मिटला आणि बगलेत धरला. "विचार मी वर्षापूर्वी करायला हवा होता," तो म्हणाला. "चला ताई. रिक्षा मी बघतो."

"मी पण येते," चाचणीवाली म्हणाली. साहेब दारात उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाजूने निघून आली.

६

समितीच्या खोलीबाहेर धाकटी नव्हती. बाकड्यावर नुसतं पेनाचं टोपण.

मी दार न वाजवता आत घुसले. टेबलापलीकडे तिघं, अलीकडे धाकटी, खांदे पडलेले. कागद लिहून झाला होता. खाली सही करत होती.

"थांब!" मी ओरडले. "वेडी आहेस का? थांब म्हणते ना!"

तिने वर पाहिलं. चार दिवसांत तिचे गाल आत गेले होते. "ताई, जाऊ दे ना आता," ती म्हणाली.

समितीचे अध्यक्ष रागावले. मी म्हटलं, रागवा, पण आधी हे बघा. घड्याळवाल्याने लॅपटॉप उघडला. त्याने काही लपवलं नाही. घड्याळ मी थोपवलं, का थोपवलं, सगळं उभं राहून सांगितलं. चाचणीवालीने चाचणी चालवून दाखवली. तास वाचला, घड्याळ एक सेकंद ढकललं, मिनिटं वाचली. खरी वेळ एक, पंपाची वेळ बारा. खाली नोंद उमटली. बारा वाजता डोस.

अध्यक्षांनी डॉक्टरांना बोलावलं, मोठ्या सिस्टरना बोलावलं. एकला ही कुठे होती? माझ्यासमोर डबा खात होती, सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. अध्यक्षांनी तो अर्धवट सही केलेला कागद ओढून घेतला, आणि फाडून टाकला.

पण धाकटीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली.

चाचणीवालीने पुन्हा चालवली. लाल.

"पुन्हा."

लाल.

"म्हणजे मी दाबलं नव्हतं?"

"नव्हतंस."

"पुन्हा दाखव ना गं, प्लीज."

चाचणीवालीने न कंटाळता चालवली, पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी तोच निकाल आला. समितीचे लोक उठून गेले, तरी ती चालवतच होती. शेवटी धाकटीने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मी तिला धरून बाहेर आणलं, बाकड्यावर बसवलं, कुठूनसा चहा आणला. तिने दोन घोट घेतले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"ताई," ती म्हणाली, "दुसरा डोस एकला गेला."

"हो. म्हणून तर सुटलीस."

"एकला मी डबा खात होते."

"मग? उपाशी राहायचं होतं?"

"पंप सुरू झाला की घरघरतो गं. अवेळी घरघरला असता तर मला लगेच कळलं असतं. मी नळी दाबून धरली असती." तिने कप खाली ठेवला. "मी तिथे असते, तर काका वाचले असते का?"

ती माझ्याकडे एकटक बघत होती. मला लहानपणापासून ती प्रत्येक गोष्ट अशीच विचारत आलीये, आणि मी कधी तिला खोटं सांगितलेलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "नसते वाचले."

हे मी कुणालाच विचारलेलं नव्हतं.